फोन वाजतो ती खोली

जिल्ह्याच्या आपत्कालीन कार्यकेंद्राची फाइल माझ्या टेबलावर आली, तेव्हा तिच्यात एक रंगीत चित्र आधीच लावलेलं होतं. भिंतभर पडदे, त्यांच्यासमोर ओळीनं बसलेली माणसं, निळसर उजेड, मागे काचेआड साहेबांचं दालन. कुठल्याशा सादरीकरणातून उचललेलं चित्र होतं ते. अंदाजपत्रकातली सगळ्यांत मोठी रक्कमही त्या पडद्यांनाच लावलेली होती. फोन मात्र चित्रात कुठेच नव्हता.

मी सार्वजनिक बांधकाम विभागात उपअभियंता आहे, कोकणात. तोवर शाळा, तहसील कचेऱ्या, ग्रामीण रुग्णालयं अशी कामं केली होती. रोज उघडायच्या, रोज वापरायच्या इमारती त्या. इथे बांधायचं होतं ते वर्षातल्या अशा काही तासांसाठी, जेव्हा वीज गेलेली असते, रस्ते पाण्याखाली असतात आणि बाकीच्या कचेऱ्यांचं काम थांबलेलं असतं. ते तास कसे असतात हे आम्ही नुकतंच पाहिलं होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, आणि बॅटऱ्या संपल्या तसे मोबाइलचे मनोरे एकेक करून बंद पडले. मग २२ जुलै २०२१. चिपळूण बुडालं, महाड बुडालं, आणि तळिये गावावर दरड येऊन ८० हून अधिक माणसं गेली. तिथली बातमी बाहेर पोचायलाच वेळ लागला. त्याआधी २०१४ मध्ये माळीण दरडीखाली गेलं होतं. जागेवर गाव दिसत नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते तिकडे गेलेल्या एसटीच्या चालकाच्या. गावावर काय ओढवलंय हे जिल्ह्याला कळायला सकाळच्या एसटीची वाट पाहावी लागते, ही गोष्ट मला त्या कामाच्या काळात सतत टोचत राहिली.

म्हणून नकाशा काढायला घेण्याआधी मी जिल्हाधिकाऱ्यांकडे एक परवानगी मागितली: जुन्या नियंत्रण कक्षात पावसाळ्यातल्या रात्री बसण्याची. त्या म्हणाल्या, "बसा. पण नुसत्या बसू नका, फोनही घ्या."

जुना कक्ष जिल्हाधिकारी कार्यालयाच्या तळमजल्यावर होता. एक लांब टेबल, दोन फोन, कोपऱ्यात पोलिसांचा वायरलेस सेट, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आणि एक जाडजूड नोंदवही. रात्रपाळीला एक अव्वल कारकून असत, सगळे त्यांना भाऊ म्हणत. १०७७ या मदत क्रमांकाची घंटा वाजली की भाऊ चष्मा लावत, पेन उघडत आणि मगच रिसीव्हर उचलत. सुरुवातीला मला वाटलं, एवढा उशीर कशाला? नंतर लक्षात आलं, घाबरलेला माणूस फोन लागताच पहिल्या वाक्यात सगळं सांगून टाकतो आणि मग लाइन जाते. ते पहिलं वाक्य कागदावर उतरलं पाहिजे.

एका रात्री पलीकडून आवाज आला, "साहेब, मधल्या वाडीत पाणी शिरलंय हो!"

"काका, गाव कुठलं?"

"अहो, मधली वाडी! वहाळाचं पाणी आलंय."

भाऊंनी आवाज जराही चढवला नाही. "काका, तुमच्याकडे एसटी शेवटी कुठे थांबते? बोर्डावर काय लिहिलेलं असतं?"

त्यांनी गाडीच्या पाटीवरचं नाव सांगितलं आणि गाव सापडलं. कोकणात मधली वाडी, वरची वाडी, गवळवाडी, बौद्धवाडी गावोगाव आहेत. संकटातला माणूस आपल्या वाडीचंच नाव घेतो, कारण त्याच्यासाठी तेच जग असतं. तालुका, ग्रामपंचायत हे शब्द त्याला त्या घटकेला सुचत नाहीत. एसटीची पाटी, शाळा, देऊळ, कोणत्या पुलाच्या अलीकडे की पलीकडे, या खुणा मात्र त्याला झोपेतही सांगता येतात. भाऊंना त्या तोंडपाठ होत्या. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी त्या कुणालाच ठाऊक नसत.

माझा आराखडा त्या फोनपासून सुरू झाला. फोन येतो, कुणीतरी ऐकतं, लिहितं, गाव ओळखतं, कुणाला सांगायचं ते ठरवतं, सांगतं, आणि सांगितलेलं झालं की नाही ते पुन्हा विचारतं. या वाटेवर कुठेही अडथळा येता कामा नये. भिंत, दार, तार, दिवा, टेबल यांची जागा या वाटेनं ठरवायची. वाटेच्या कामाचं जे नाही त्याला नंतर पैसे उरले तर बघू. हे मी कागदावर लिहून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवलं. त्यांनी पडद्यांच्या रकमेवर पेन्सिलीनं गोल केला आणि एवढंच विचारलं, "मग हे पैसे कुठे लावायचे?"

पहिले लावले ते जागेवर. कार्यालयाच्या आवारातच, खाडीच्या बाजूला मोकळा तुकडा होता. सगळ्यांच्या सोयीचा, साहेबांच्या दालनापासून चालत दोन मिनिटांवर. पण जलसंपदा विभागाच्या नकाशावर तो तुकडा निळ्या आणि लाल पूररेषेच्या मध्ये पडत होता. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जोतं उंच घेऊ, म्हणजे झालं, असं म्हणणारे बरेच होते. जोतं उंच घेतलं तर इमारत कोरडी राहील हे खरं. पण तिच्याकडे जाणारा रस्ता कंबरभर पाण्यात असेल, आणि रात्री दोनला पाळी बदलायला येणारी माणसं होडीनं यायची का? वर डोंगरपायथ्याला दुसरी सरकारी जागा होती, तिथे पुराची भीती नव्हती. पण पाठीमागचा उतार लाल मातीचा, वर नव्या रस्त्यासाठी पोखरलेला. तळिये पाहून आल्यावर त्या उताराखाली हे केंद्र उभारणं मला शक्य नव्हतं.

बैठकीत मी दोन परदेशी इमारतींची उदाहरणं दिली. न्यूयॉर्क शहरानं १९९९ मध्ये आपलं आपत्कालीन केंद्र वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या संकुलातल्या ७ क्रमांकाच्या इमारतीत, २३ व्या मजल्यावर उघडलं. भरपूर खर्च करून, सगळ्या सोयींनिशी. याच संकुलावर १९९३ मध्ये बॉम्बहल्ला झालेला होता. ११ सप्टेंबर २००१ ला शहराला त्या केंद्राची सर्वाधिक गरज होती, तेव्हा ते रिकामं करावं लागलं, आणि संध्याकाळी ती इमारतच कोसळली. शहरानं हडसन नदीवरच्या एका धक्क्याच्या शेडमध्ये टेबलं मांडून काम चालवलं. दुसरं उदाहरण जपानमधल्या मिनामीसानरिकू या किनाऱ्यावरच्या गावाचं. तिथली आपत्ती निवारणाची तीन मजली इमारत किनाऱ्याजवळच होती. ११ मार्च २०११ ला त्सुनामीचं पाणी तिच्या गच्चीवरून गेलं. ध्वनिक्षेपकावरून लोकांना उंचावर जायला सांगणारे कर्मचारी त्यात वाहून गेले. गच्चीवरच्या अँटेनाच्या खांबाला धरून राहिलेले मोजकेच वाचले. मागे राहिला तो पोलादी सांगाडा. ज्यांना दुसऱ्यांना सावध करायचं आहे, त्यांना आपण कुठे बसवतो, ही जबाबदारी जागा निवडणाऱ्याच्या शिरावर असते. त्या बैठकीत मी हे बऱ्याच कळकळीनं बोलले असणार, कारण नंतर चहाच्या वेळी कुणीच तो विषय काढला नाही, आणि पुढच्या आठवड्यात पोलीस लाइनच्या शेजारची, कातळावरची सपाट जागा मंजूर होऊन आली. साहेबांना तिथे यायला गाडी लागते. लागू दे.

शिवाय नदीच्या पलीकडच्या एका तहसील कचेरीत एक खोली पर्यायी केंद्र म्हणून ठेवली. तिथे दोन फोन, वायरलेस, छापील याद्या आणि एक पेटी. मुख्य इमारतीला आग लागली तर? २१ जून २०१२ ला मंत्रालयाला लागलेली आग सगळ्या राज्यानं टीव्हीवर पाहिली आहे, त्यामुळे हा मुद्दा कुणाला पटवावा लागला नाही.

निविदा, मंजुऱ्या, ठेकेदार हे सगळं जसं होतं तसं झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. सांगण्यासारखं आहे ते रिंगांचं. भूकंपाच्या संहितेत अशा इमारतींना महत्त्वाचा गुणक १.५ धरतात, म्हणजे साध्या इमारतीला जेवढा धक्का गृहीत धरतात, त्याच्या दीडपट. कोयना आमच्यापासून लांब नाही आणि १९६७ चा भूकंप इथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. पण हा दीडपट कागदावर राहतो आणि इमारत उभी राहते ती फिटरच्या हातानं. खांबातल्या उभ्या सळयांना बाहेरून ज्या रिंगा बांधतात, त्यांची टोकं १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या आत घुसवायची असतात. ९० अंशांत वळवली तर काम भराभर होतं आणि वरून फरक दिसत नाही. धक्का बसला, बाहेरचं काँक्रीट सुटलं, की ९० ची टोकं उघडतात आणि खांब फुगून बसतो.

साइटवर पहिल्या दिवशी आलेल्या रिंगा सगळ्या ९० च्या होत्या. मुकादम लातूरकडचे, साठीला आलेले. मी म्हटलं, "मामा, या परत वळवाव्या लागतील." ते म्हणाले, "मॅडम, आयुष्य गेलं यात. अशाच बांधतात सगळीकडं." मग मी दोन रिंगा मागवल्या, एक त्यांची, एक वळवून घेतलेली. दोन्ही सळयांच्या चार-चार तुकड्यांभोवती बसवल्या आणि पोरांना आतून पहारीनं जोर लावायला सांगितलं. त्यांची उघडली. माझी वाकडी झाली, पण धरून राहिली. मामा बराच वेळ दोन्ही रिंगा हातात घेऊन उभे होते. मग हळूच म्हणाले, "किल्लारीला आमची आत्या गेली." ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या होत्या, तिथे रिंगांचा प्रश्नच नव्हता, घरांना काँक्रीटचे खांबच नव्हते. पण त्यानंतर त्या साइटवर एकही रिंग मला परत करावी लागली नाही. मामा स्वतः मोजत.

छप्पर हा आमच्याकडचा जुना वाद. कोकणातल्या सरकारी इमारतींच्या स्लॅबवर गळतीसाठी पत्र्याची शेड घालायची पद्धत आहे. निसर्गच्या वाऱ्यात ते पत्रे उडाले आणि दुसऱ्यांच्या भिंतींत जाऊन रुतले. म्हणून इथे पत्रा नाही. स्लॅबलाच चांगला उतार आणि जलरोधक थर. दर्शनी काच हवी असा आग्रह होता. तीही नाही. खिडक्या लहान, लाकडी झडपांच्या, आणि अशा जागी, की वातानुकूलन बंद पडलं तरी माणसं घामाघूम न होता बसू शकतील. फॉल्स सीलिंग कुठेही नाही, कारण भूकंपात पहिलं डोक्यावर येतं ते तेच. कपाटं भिंतीला जखडलेली आहेत. इमारत दिसायला साधी झाली आहे, हे मला मान्य आहे, आणि मला ती तशीच आवडते.

विजेचं सगळं आमच्या विद्युत शाखेनं केलं. दोन जनित्रं, दोन्ही उंच जोत्यावर, आणि ७२ तास पुरेल एवढं डिझेल. त्यापुढचं डिझेल कुठून आणायचं? पंपही विजेवर चालतात, त्यामुळे स्वतःचं जनित्र असलेला पंप शोधून त्याच्याशी आधीच लेखी ठरवलं. कातळात अर्थिंग मिळवायला मात्र फार झगडावं लागलं. जांभ्यात ओल टिकत नाही, उन्हाळ्यात प्रतिरोध वर जातो आणि गच्चीवर अँटेनाचा खांब असताना वीज पडली तर सगळी यंत्रं जळतील. शेवटी आवाराच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे मातीचा थर होता तिथे, खड्डे घेऊन तांब्याची पट्टी इमारतीपर्यंत आणली.

पण मला या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते आम्ही चालत गेलो तो दिवस. इंटरनेट आणि फोनसाठी दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबर केबल घेतल्या होत्या. एक तुटली तर दुसरी चालेल. कागदावर दोन रंगांच्या दोन रेषा होत्या. माझ्या ओळखीत टेलिफोनमधून निवृत्त झालेले एक जॉइंटर होते. त्यांनी हयात खड्ड्यांत उतरून केबल जोडण्यात घालवलेली. ते म्हणाले, "मॅडम, रेषा बघू नका, केबल बघा." मग आम्ही केंद्रापासून निघालो. ते पुढे, मी मागे, एक पोरगा टिकाव घेऊन. रस्त्याच्या कडेचे दगडी खुणेचे खांब, झाकणं, चेंबर पाहत पाहत. पहिले दोन किलोमीटर केबल खरोखरच वेगळ्या बाजूंनी जात होत्या. मग नदी आली. जुन्या पुलाच्या कठड्याला बाहेरून दोन पाइप शेजारी शेजारी क्लॅम्पनं अडकवलेले होते. एकात पहिल्या कंपनीची केबल, दुसऱ्यात दुसरीची. नदी ओलांडायला दुसरा पूलच नाही, मग करणार काय? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. आमचा हा पूलही त्याच काळातला, तशाच कमानींचा. तो गेला असता तर जिल्ह्याचे दोन्ही कान एका क्षणात बंद झाले असते.

त्या दिवसानंतर दुसरी केबल रद्द केली आणि तिच्या जागी गच्चीवरच्या खांबावरून खाडीपलीकडच्या टेकडीपर्यंत रेडिओ लिंक घेतली. पोलिसांचा वायरलेस होताच. सॅटेलाइट फोन होता, पण त्याला उघडं आकाश लागतं, म्हणजे धो धो पावसात कुणीतरी गच्चीवर जाऊन बोलायचं. म्हणून त्याची अँटेना कायमची वर बसवली आणि वायर खाली टेबलापर्यंत आणली. खिडकीपाशी एक टेबल हॅम रेडिओवाल्यांसाठी ठेवलं. ओडिशाच्या १९९९ च्या महाचक्रीवादळात आणि २००१ मध्ये भूजच्या भूकंपात, सगळं बंद असताना या हौशी लोकांनी निरोप पोचवले होते. त्यांना फक्त एक टेबल, गच्चीकडे जाणारी वायर आणि मानानं बोलावणं लागतं.

आतल्या खोल्यांच्या मांडणीवर खूप विचार केला. फोन घेणाऱ्यांची खोली एका बाजूला, शांत. तिच्याशेजारी, मध्ये फक्त काच ठेवून, कामाची खोली: महसूल, पोलीस, आरोग्य, बांधकाम, वीज, जलसंपदा, एसटी यांचा एकेक माणूस एकाच मोठ्या टेबलाभोवती. फोनवरची चिठ्ठी खिडकीतून थेट टेबलावर येते. जिल्हाधिकाऱ्यांचं दालन त्याच्या पलीकडे, दार दोन्हीकडे उघडणारं. पत्रकारांसाठी वेगळी खोली, वेगळं प्रवेशद्वार. पाहणीला येणाऱ्या मान्यवरांनाही तिथूनच काचेतून सगळं दिसेल असं केलं. मोठ्या पुराच्या वेळी नियंत्रण कक्ष गणपतीतल्या चाकरमान्यांच्या घरासारखा भरतो, आणि फोनवरच्या मुलीला पलीकडचा आवाज ऐकू येईनासा होतो. त्यासाठी वेगळं दार हाच उपाय आहे. "कृपया शांतता राखा" अशी पाटी लावून काही होत नाही.

पडदे शेवटी दोन घेतले. एकावर पाऊस, नद्यांची पातळी आणि धरणांचा विसर्ग. दुसऱ्यावर नकाशा. बातम्यांची वाहिनी मोठ्या पडद्यावर लावायची नाही, असं ठरवून घेतलं. ती लागली की सगळे काम सोडून तिकडे पाहतात. तिसऱ्या भिंतीला साधा पांढरा फळा. त्यावर तीन रकाने: काय झालं, काय केलं, काय बाकी आहे. त्याच्याशेजारी भरती-ओहोटीचं वेळापत्रक टांगलेलं असतं, कारण आमच्याकडे पूर ठरतो तो तिघांच्या भेटीवर: वरून येणारा पाऊस, धरणातून सोडलेलं पाणी आणि खालून चढणारी भरती. तिन्ही एकाच तासाला आली तर बाजारपेठ बुडते. आणि पाऊसही जिल्हाभर सारखा नसतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला १०० सुद्धा झाला नाही. म्हणून आमच्या पडद्यावर जिल्ह्याची सरासरी दाखवत नाहीत, प्रत्येक महसूल मंडळाचा आकडा वेगळा दाखवतात.

भाऊंच्या डोक्यातलं सगळं कागदावर आणायला एक पूर्ण उन्हाळा गेला. तलाठी, पोलीस पाटील, एसटीचे वाहक, पोस्टमन यांना विचारून वाडी-वाडीची यादी झाली: कुठली शाळा, कुठलं देऊळ, गाडीच्या पाटीवर काय लिहितात, मध्ये कुठला वहाळ, पाणी आलं की कुठल्या बाजूनं तुटतं, जेसीबी कुणाकडे, होडी कुणाकडे, दोरखंड घेऊन उतरणारी गिर्यारोहक मुलं कुठली. संगणकात आहेच, पण छापून, बांधून, प्रत्येक टेबलावर एक प्रतही आहे. ती निवृत्तीच्या आधी भाऊंनी तपासली आणि लाल पेनानं इतक्या दुरुस्त्या केल्या, की पुन्हा छापावी लागली. सीमेवरच्या गावांतून मोबाइलवरून लावलेला १०७७ कधी कधी शेजारच्या जिल्ह्यात लागतो, हेही त्यांनीच दाखवून दिलं. आता दोन्ही जिल्ह्यांच्या याद्या एकमेकांकडे असतात.

फोन घेणाऱ्यांत निम्म्या मुली आहेत. रात्रपाळीला त्यांच्यासाठी आतून कडी लागणारी निजायची खोली, लागूनच स्वच्छतागृह, आणि फाटकापर्यंत जनित्रावर चालणारे दिवे हे पहिल्या नकाशापासून होतं. खर्च कमी करायचा विषय निघाला तेव्हा मी त्यावर चर्चाच होऊ दिली नाही. त्या कंत्राटी आहेत, अकरा महिन्यांच्या. एवढं शिकवून तयार केलेलं माणूस अकरा महिन्यांनी सोडून द्यायचं आणि नव्याला पुन्हा वाड्यांची नावं शिकवायची, हे मला अजिबात पटत नाही. इमारत मी बांधू शकले, हे मला बदलता आलेलं नाही, आणि त्याविषयी मी दरवर्षी लिहीत असते.

मे महिन्यात रंगीत तालीम घेतली. कुणालाही न सांगता मध्यरात्री मुख्य स्विच खाली ओढला. जनित्र सुरू झालं, दिवे आले, आणि तरी निम्मे फोन मुके. टेलिफोनची पेटी ज्या सॉकेटला लावली होती तो बॅकअपवर नव्हता. बोटाच्या ठशानं उघडणारं एक दारही अडकून बसलं. दुसऱ्या दिवशी दाराला साधं कुलूप आलं, आणि बॅकअपचे सगळे सॉकेट लाल रंगाचे केले, म्हणजे विजेतलं काही न कळणाऱ्यालाही फोन कुठे लावायचा ते दिसेल.

पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. दिवसभर अतिवृष्टी होती. काही मंडळांत पाऊस २०० मिलिमीटरच्या पुढे गेलेला. रात्री उशिरा फोन आला. घेतला तो आमच्यातल्या सगळ्यांत नव्या मुलीनं. पलीकडे एक आजी होत्या. पाणी शिरलं नव्हतं, घर पडलं नव्हतं. त्यांची तक्रार एवढीच, की मागच्या झऱ्याचं पाणी संध्याकाळपासून लाल येतंय आणि गोठ्याचं दार लागेनासं झालंय.

मुलीनं विचारलं, "आजी, दार आधी लागत होतं?"

"लागत होतं गं. काल लागत होतं. आज चौकट वाकडी झाल्यासारखी वाटते."

"आणि वर डोंगरावरची झाडं? वाकल्यासारखी दिसतात का?"

"काळोख आहे बाय, काय दिसणार?"

तिनं चिठ्ठी लिहून खिडकीतून पुढे सरकवली. टेबलावर तहसीलदार बसले होते. त्यांनी ती वाचली, नकाशावर वाडी पाहिली, वरचा उतार पाहिला, जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात जाऊन दोन वाक्यं बोलले. मी घड्याळ पाहत होते, सवयीनं. फोनपासून निर्णयापर्यंत चहाचा कप निवेल इतकाही वेळ गेला नाही. पोलीस पाटलांना फोन लागला नाही. वायरलेसवरून जवळच्या चौकीला निरोप गेला, एक शिपाई मोटारसायकलवरून निघाला. एसटीच्या माणसानं शेवटच्या थांब्यावर मुक्कामाला असलेल्या गाडीच्या चालकाला उठवलं. पहाटेपर्यंत वाडीतली सगळी माणसं आणि जमतील तेवढी गुरं शाळेत होती. फळ्यावरच्या शेवटच्या रकान्यातली ओळ पुसली गेली.

त्या रात्री दरड आली नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस ओसरला, भूवैज्ञानिक पाहून गेले. त्यांना डोंगरावर लांबच लांब भेग सापडली. माणसं महिनाभर परत गेली नाहीत. काहींनी आम्हाला बोलही लावले, भातलावणीचे दिवस होते, शाळेत किती राहायचं? त्यांचं रागावणं योग्यच होतं, आणि त्यांना हलवणंही योग्यच होतं. पावसाळा संपता संपता भेगेखालचा थोडा भाग घसरला, गोठा गेला, घराच्या पडवीत माती आली.

फोन घेताना भरायचा जो छापील तक्ता आहे, त्यात तोवर पाणी, आग, अपघात, पडझड, जखमी एवढेच रकाने होते. त्या मुलीच्या सांगण्यावरून पुढच्या छपाईत तीन प्रश्न वाढवले: विहिरीचं किंवा झऱ्याचं पाणी गढूळ झालंय का, दारं-खिडक्या अडकायला लागल्यात का, आणि जमिनीत किंवा भिंतीत नवी भेग दिसते का. तक्ता आता दोन्ही बाजूंनी छापतात.